बरणीतला सॅल्प कुणी पाहिला?

किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते कडब्यासारखे आपोआप साचतात. चार माणसं रोज एका खोलीत बसली की वर्षाच्या शेवटी गंजी उभी! आमच्या मेहकरच्या शाळेतली मास्तरांची खोली तर त्यासाठीच बांधली असावी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, साहेब लोक नागपुरात, आणि समुद्र आमच्यापैकी फक्त एकाने पाहिलेला. तरी आमच्या गंजीतले निम्मे किस्से समुद्राचेच! त्याला कारण आमचे सायन्सचे मास्तर, सदाशिवराव.

कॉलेजात असताना ते ट्रिपला मुंबईला गेले होते. तिथे कोळ्याच्या जाळ्यात त्यांना सॅल्प नावाचा जीव दिसला आणि गडी त्याच्या प्रेमातच पडला. सॅल्प म्हणजे बोटाएवढं, दोन्हीकडून उघडं पिंप. एकीकडून पाणी घ्यायचं, दुसरीकडून सोडायचं. तेच त्याचं पोहणं आणि तेच जेवण. अंग काचेसारखं आरपार. मास्तर आमच्या शाळेत रुजू झाले ते काखेत सॅल्पची बरणी घेऊनच, जीव टिकवायच्या औषधाच्या पाण्याने भरलेली. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर लाल लाख लावलेली.

हेडमास्तरांनी बरणी खिडकीपाशी नेली. या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली.

"पानीच दिसून राह्यलं हो!"

"आत दोन प्रकार आहेत, सर. एक एकटा राहणारा, एक माळेतला. दोन्ही दिसले का?"

"एकबी नाई."

"न दिसणं हाच तर त्याचा गुण!"

"अस्सं? मंग तुमाले पगारबी तसाच देऊ का?"

तेव्हापासून येईल त्याला मास्तर बरणी दाखवायचे आणि विचारायचे, "दोन्ही दिसले का?" नाही म्हटलं की तासभर व्याख्यान! आम्ही सगळे मुकाट्याने हो म्हणायला शिकलो.

* * *

मी ड्रॉइंग मास्तर. भिंतीवर लावायला सॅल्पचं मोठं चित्र काढून द्या, म्हणून सदाशिवराव माझ्या मागे लागले. न दिसणाऱ्या जिवाचं चित्र काढायचं कसं? मी चांगला जाड कागद घेतला, चौकट आखली आणि सकाळभर तसाच बसून राहिलो.

मास्तर आले. कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"वा! पारदर्शकपणा काय साधलाय हो!"

* * *

भूगोल शिकवायचे कादरमियाँ. एकदा मास्तरांनी त्यांच्याकडून जगाचा नकाशा मागून घेतला आणि सॅल्प जिथे जिथे असतात तिथे पिवळा रंग द्यायला बसले. हिंदी महासागर झाला, पॅसिफिक झाला, अटलांटिक झाला. मग दक्षिणेचा बर्फाळ समुद्र. "तिथे तर गर्दीच गर्दी!" मास्तर सांगत होते. पाण्यावर बारीक हिरवी वनस्पती माजली की सॅल्पचे तांडेच्या तांडे उसळतात, खाणं संपलं की मरतात आणि तळाशी जातात. कादरमियाँच्या नव्या नकाशाची हळद झाली.

"मास्तर," ते कळवळून म्हणाले, "कुठं नाहीत तेवढं सांगा ना. तेवढंच रंगवू!"

मास्तरांचा चेहरा उतरला. "आपल्या जिल्ह्यात नाहीत."

* * *

त्यांचा उतरलेला चेहरा कुणाला बघवेना. तेव्हा कादरमियाँनाच सुचलं, की आपल्याकडे लोणारचं सरोवर आहे आणि त्याचं पाणी खारट आहे! झालं, रविवारी दोन बैलगाड्या जुंपल्या. मास्तरांना मनातून ठाऊक होतं की तो खार वेगळा आणि समुद्राचा वेगळा. पण माणसाची आशा मोठी वाईट!

मास्तरांनी मच्छरदाणीच्या तुकड्याचं जाळं केलं होतं. ते धोतर खोचून गुडघाभर चिखलात उतरले. वास असा, की बैलांनीही तोंडं फिरवली. जाळ्यात चिखल आला, शेवाळ आलं, पुन्हा चिखल आला. काठावरच्या देवळातला गुरव बराच वेळ बघत होता. शेवटी तो खाली आला.

"काय शोधून राह्यले जी?"

"एक जीव आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो."

"मंग देवळात या ना! चिखल काऊन तुडवून राह्यले?"

सॅल्प मिळाला नाही. पण त्या पाण्यात सोड्यासारखा खार, त्यामुळे मास्तरांचं धोतर असं पांढरंशुभ्र निघालं की पुढच्या वेळी हेडमास्तरांनी स्वतःची तीन धोतरं बरोबर द्यायची तयारी दाखवली.

* * *

शाळेच्या कमिटीवर डोणगावचे दत्ताजी पाटील होते. मोठी शेती, मोठ्या मिशा आणि कोर्टात भावांशी मोठं भांडण. एकदा ते मास्तरांच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. मास्तर सॅल्पची वंशावळ सांगत होते. एकट्या सॅल्पच्या पोटातून भावंडांची माळ निघते, सगळी हुबेहूब एकासारखी. शे-दोनशे भावंडं एकमेकांना धरून पोहतात. पुढे त्या प्रत्येकाला एकेक लेकरू होतं, पण ते माळेत राहत नाही, एकटंच वाढतं. म्हणजे लेकरू आईवर जात नाही, आजीवर जातं!

पाटील उभे राहिले. "शे-दोनशे भाऊ? अन् भांडन नाई?"

"मुळीच नाही."

"त्याईले जमीन नसंन!"

* * *

सदाशिवरावांची तिशी उलटली होती आणि लग्न जमत नव्हतं. खानावळीतलं पिठलं त्यांच्या गळ्याशी आलं होतं. एका संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, बायको सुगरण नसली तरी चालेल. पण मी काही दाखवलं, तर तिने बघावं हो." मला फार वाईट वाटलं. हसणारा माणूस असं बोलला की जास्तच लागतं.

लग्न न जमायचं कारण मात्र स्वच्छ होतं. चिखलीला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "शाळेत काय शिकवता?" मास्तर खुलले! माळेतला प्रत्येक सॅल्प आधी आई होतो आणि मग बाप होतो, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं.

मुलीचे वडील शांतपणे पानदान मिटत म्हणाले, "पाव्हने, आमच्यात आधी लगन होते."

पोह्यांच्या बशा तशाच ठेवून आम्ही गाडीत बसलो.

* * *

त्यानंतर डोणगावहून दत्ताजी पाटलांनीच आपल्या लेकीसाठी, गोदासाठी निरोप धाडला. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. हेडमास्तरांनी सदाशिवरावांना मारुतीपुढे उभं करून शपथ घातली, "समुद्राचा एक शब्द काढायचा नाई!"

मास्तरांनी शपथ पाळली. बैठकीत ते इतके गप्प होते की पाटलांनी दोनदा तब्येत विचारली. गोदा येऊन पाटावर बसली, नाव सांगितलं. तिला सातवीपर्यंतच्या कविता पाठ होत्या, मास्तरांना त्यातली एकही विचारता आली नाही. पण पाटील खूश! "पोरगा गरीब हाये," ते म्हणाले. "जमलं म्हना! साखर आना."

आतून पाटलांच्या बहिणीचा, म्हणजे गोदाच्या आत्याबाईंचा आवाज आला, "साखर मंग! आंधी तीर्थ घ्या. पाव्हन्यायनं काशीची गंगा आनली!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गंगा? कोणती गंगा?

शाळेत त्या आठवड्यात भिंतींना चुना लावणं चाललं होतं. बरणीला धक्का लागेल म्हणून मास्तर ती बरोबर घेऊन आले होते, आणि कुठे ठेवली होती, तर नारळाच्या पिशवीत! रिवाजाप्रमाणे पिशवी आत गेलेली. लाखेने बंद केलेलं स्वच्छ पाणी म्हणजे दुसरं काय असणार? आत्याबाईंनी बरणी देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. आणि आता ती बाहेर आणून, उलथन्याच्या टोकाने लाख उचकटायला बसल्या होत्या. पुढ्यात पळी तयार!

मास्तर अर्धवट उठले. बोलावं तर लग्न मोडतं. न बोलावं तर सगळं घर ते औषधाचं पाणी पितं.

"थांबा!" मास्तर ओरडले. "विष आहे ते! त्यात मेलेले जीव आहेत!"

आत्याबाईंच्या हातून उलथनं पडलं. पाटलांच्या मिशा थरथरल्या. "देव्हाऱ्यात मेलेले जीव? मास्तर, हे काय आनलं तुमी?"

आता शपथेला अर्थच उरला नव्हता. मास्तरांनी सगळं सांगितलं. मुंबई, कोळी, पिंपासारखं अंग, एकटा राहणारा, माळेतला, आई, बाप, आजी. सांगून संपल्यावर ते हळूच म्हणाले, "येतो आम्ही," आणि बरणी घ्यायला वाकले.

बरणी जागेवर नव्हती. गोदाने उचलली होती. तिने ती आधी दाराच्या उजेडात धरली. काही दिसलं नाही. मग तिने आपल्या गर्द निळ्या लुगड्याचा पदर बरणीच्या मागे धरला आणि नाक काचेला लावून बघत राहिली. बराच वेळ. पाटील खाकरले, तरी बघतच राहिली.

"हा येकटा," ती बोट ठेवून म्हणाली. "अन् हे माळेतले, येकायेकाले धरून." मग मास्तरांकडे सरळ पाहून म्हणाली, "दोन्ही दिसले."

मास्तर खालीच बसले.

"आत्या," गोदा म्हणाली, "साखर आन."

इतक्यात हेडमास्तरांनी माझ्या कानाला तोंड लावलं. "म्हंजे हो," ते कुजबुजले, "बरनीत खरंच काई होतं?"