दोन कॉलेजांची खातेनिहाय चौकशी

प्रस्तुत व्यक्तीचे वर्णन पुढीलप्रमाणे. लिंग : स्त्री. वय : एकेचाळीस. हुद्दा : बसचालक, वरिष्ठ श्रेणी. शिक्षण : पदवीधर, दुसऱ्या प्रयत्नात. ओळखखूण : हनुवटीवर जुना व्रण. वैवाहिक स्थिती : समाधानकारक. सेवापुस्तकातील शेरे : एक; गणवेशाच्या टोपीविना वाहन चालवल्याबद्दल समज देण्यात आली, मात्र ती समजल्याचे दिसून आले नाही. कायद्याशी संबंध : काहीही नाही.

हे शेवटचे कलम डेपोत कुणाला पटले नसते. डेपोत त्यांना सगळे ‘हायकोर्ट’ म्हणत. ‘‘हायकोर्ट आज कुठल्या पाळीला?’’ असे कुणी विचारले, की कुणाला तरी आरोपपत्र मिळाले आहे हे बाकीचे ओळखत.

बसकंपनीची रीत अशी, की कर्मचाऱ्यावर ठपका आला की त्याची खातेनिहाय चौकशी व्हायची. टायरच्या गोदामाशेजारच्या खोलीत एक साहेब चौकशी अधिकारी म्हणून बसे, दुसरा साहेब आरोप मांडे, आणि आरोपीला आपला एखादा सहकारी ‘बचाव सहायक’ म्हणून सोबत आणता येई. बहुतेक सहायक साहेबांच्या चहाला नको म्हणण्यापलीकडे काही करत नसत. हायकोर्टबाई चहा घेत आणि नंतर उलटतपासणीही घेत. त्याआधी विश्रांतिगृहात रंगीत तालीम व्हायची. तिचा नियम एकच : कुणालाही आपली स्वतःची बाजू मिळणार नाही. आरोपी कंडक्टरला साहेब व्हावे लागे आणि स्वतःवरच ओरडावे लागे. त्यात तो इतका रमायचा, की एकदोघांनी स्वतःला बडतर्फ करून टाकले होते.

हे सगळे त्या खोलीपुरते ठीक होते. प्रकरण पुढे कामगार न्यायालयात गेले, की हायकोर्टबाई मागच्या बाकावर जात. असेच एका बडतर्फ कंडक्टरचे प्रकरण गेले. त्याचे तिकीट मशीन बिघडले होते, हे कागदोपत्री सिद्ध झालेले. पण कंडक्टरने भाड्याने केलेल्या वकिलाने बसचा मार्ग चुकीचा सांगितला, मग मशीन चुकीचे सांगितले, आणि शेवटी आपल्या अशिलाकडे बोट दाखवायच्या वेळी शेजारच्या माणसाकडे दाखवले. हायकोर्टबाई उठून उभ्या राहिल्या.

‘‘बाई, तुम्ही वकील आहात का?’’ न्यायाधीशांनी विचारले. आवाजात राग नव्हता.

‘‘नाही.’’

‘‘मग बसा.’’

त्या बसल्या. कंडक्टरला पुढची तारीख मिळाली, त्यानंतर आणखी पुढची. त्याने दरम्यान भाजीचा गाळा टाकला. हायकोर्टबाईंनी प्रवेश परीक्षेचा अर्ज टाकला.

परीक्षेत त्यांना इतके गुण पडले, की नवऱ्याने निकाल तीनदा पाहिला. नवरा फ्रिज दुरुस्त करी. हात सोन्याचा, पण प्रशिक्षण घेतलेली संस्था कुणाच्या ऐकिवात नव्हती. गिऱ्हाईक दार उघडताच विचारी, ‘‘कंपनीचा माणूस ना?’’ आणि तो ‘नाही’ म्हणाला, की फ्रिज सुरू होईपर्यंत पहारा देत त्याच्या पाठीशी उभे राही. त्यामुळे शहरातल्या सगळ्यात नामांकित विधी महाविद्यालयाने अर्धी फी माफ करून बायकोला बोलावले, तेव्हा त्याच्या लेखी विषय संपला.

‘‘नाव ते नाव,’’ तो म्हणाला. ‘‘एकदा ते पाटीवर लागलं, की कुणी पाठीशी उभं राहणार नाही.’’

‘‘उरलेल्या अर्ध्या फीला घर तारण ठेवावं लागेल. आणि कॉलेज दिवसाचं, म्हणजे माझी नोकरी गेली.’’

‘‘पुढे मिळवशील की खोऱ्यानं.’’

दुसरा पर्याय संध्याकाळच्या कॉलेजचा होता. फी एका पगारात बसणारी. सकाळची पाळी मागून घेतली की नोकरी शाबूत.

दोन्ही ठिकाणे पाहायला हायकोर्टबाई लेकीला घेऊन गेल्या. लेक बारावीत होती, आणि कुठल्याही वास्तूचे मूल्यमापन स्वच्छतागृहापासून सुरू करी. नामांकित कॉलेजात तिथे हात सुकवायचे यंत्र होते. तिचा निकाल तिथेच लागला. नोकऱ्या लावून देणाऱ्या मॅडमनी दोघींना एक भिंत दाखवली. यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे, आणि प्रत्येकाखाली कुठल्या ना कुठल्या बड्या फर्मचे नाव. त्यातल्या एका चेहऱ्यापाशी हायकोर्टबाई थबकल्या. चेहरा अनोळखी होता, कान मात्र ओळखीचे. मागच्या बाकावरून त्यांनी हे कान पुष्कळ पाहिले होते. कंडक्टरच्या प्रकरणात कंपनीचा वकील हाच.

‘‘तुमची मुलं कामगार न्यायालयात जातात का?’’ त्यांनी विचारले.

‘‘जातात ना,’’ मॅडम अभिमानाने म्हणाल्या. ‘‘व्यवस्थापनातर्फे.’’

संध्याकाळचे कॉलेज एका प्राथमिक शाळेत भरत असे. भिंतीवर पाढे होते, फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार. ग्रंथालयाला कुलूप होते.

‘‘किल्ली शिपायाकडे आहे,’’ कारकून म्हणाला.

‘‘शिपाई कुठे आहे?’’

‘‘रजेवर.’’

‘‘बरं, निकाल कसा लागतो तुमचा?’’

‘‘येणारे पास होतात.’’

‘‘येतात किती?’’

‘‘तो वेगळा प्रश्न झाला.’’

तेवढ्यात एक सर घाईने आत शिरले. काळा कोट घडी घालून पिशवीत कोंबलेला, बाही बाहेर लोंबत होती. ते कामगार न्यायालयातून थेट आले होते. येता येता तिथे आज काय झाले ते सांगत होते, कारकुनाला, आणि कारकून ऐकत नाही असे दिसल्यावर भिंतीवरच्या पाढ्यांना. हायकोर्टबाई ऐकत उभ्या राहिल्या. लेक स्वच्छतागृह बघून परत आली आणि म्हणाली, ‘‘आई, चल.’’

घरी एकमत होईना. नवऱ्याने बोलणे बंद केले आणि घरचाच चांगला चालू असलेला फ्रिज उघडून दुरुस्त करायला घेतला. तेव्हा हायकोर्टबाईंनी ठरवले, की आता रीतसर चौकशी लावायची. रविवारी दुपारी जेवणाचे टेबल पुसले गेले. चौकशी अधिकारी म्हणून सासूबाई. त्या निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. आयुष्य दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलेले, त्यामुळे मध्ये न बोलता ऐकणारा घरातला तो एकच माणूस.

‘‘लाइनवर या सगळे,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘कोण कुठल्या बाजूला?’’

डेपोचाच नियम लागू झाला : आपली बाजू कुणाला नाही. लेकीला संध्याकाळच्या कॉलेजचा बचाव मिळाला. नवऱ्याच्या वाट्याला नामांकित कॉलेजवरचे आरोप आले. पण त्याने तोंडच उघडायला नकार दिला, म्हणून ते प्रकरण मागे ठेवले गेले. संध्याकाळच्या कॉलेजवरचे आरोप मांडायचे काम हायकोर्टबाईंनी स्वतःकडे घेतले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत त्या कधी बसल्या नव्हत्या. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली.

‘‘आरोप पहिला. सदर कॉलेजचं ग्रंथालय कुलूपबंद आहे.’’

‘‘कबूल,’’ लेक म्हणाली.

‘‘आरोप दुसरा. वर्ग लहान मुलांच्या शाळेत भरतात.’’

‘‘कबूल. वासासकट.’’

‘‘आरोप तिसरा. निम्मे विद्यार्थी येतच नाहीत, म्हणून नापास...’’

‘‘कबूल, कबूल. संपलं का, आजी?’’

‘‘थांब गं,’’ हायकोर्टबाई म्हणाल्या. ‘‘कबूल कसं सगळं? किल्ली शिपायाकडे असली, तर त्यात ग्रंथालयाचा काय दोष?’’

‘‘मला काय माहीत! आरोप तूच ठेवलास.’’

‘‘ठेवला. म्हणून काय तू लगेच मान डोलावणार? विचार की मला! नापास झालेले कोण होते? दिवसभर राबून संध्याकाळी येणारी माणसं ती. त्यातलं कुणी आजारी पडलं, कुणाची पाळी बदलली. सगळ्यांना एका मापानं मोजायचं, असं कुठल्या नियमात लिहिलंय?’’

‘‘आई, तू माझ्या विरुद्ध आहेस!’’

‘‘आहेच. पण म्हणून तू त्या बिचाऱ्या कॉलेजला असं वाऱ्यावर सोडतेस? आणि वर्ग शाळेत भरतो तर शाळेनं जागा तरी दिलीय. त्या सरांचा कोट पाहिलास? कोर्टातून सुटला की माणूस घरी न जाता...’’

बोलता बोलता त्या उठून लेकीच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते. सासूबाईंनी टेबलावर चमचा वाजवला.

‘‘लाइन कट,’’ त्या म्हणाल्या. ‘‘निकाल देते. सूनबाईंना फिर्याद चालवता येत नाही. चहा निवायच्या आत फितूर झाल्या.’’

नवरा इतक्या दिवसांनी हसला, आणि हसल्याचा त्याला रागही आला.

‘‘आता एक सांग,’’ सासूबाई सुनेकडे वळल्या. ‘‘त्या मोठ्या कॉलेजचं कर्ज झालं, तर फेडायला नोकरी कुणाकडे करशील?’’

‘‘एखाद्या बड्या फर्ममध्ये.’’

‘‘तिथे तुला कुठल्या खुर्चीत बसवतील?’’

हायकोर्टबाईंना ते कान आठवले.

‘‘ह्याच,’’ त्यांनी आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केले.

‘‘किती वर्षं?’’

‘‘घर सुटेपर्यंत.’’

‘‘आणि तुला तिथे धड तिसरा आरोप पुरा करता आला नाही.’’ सासूबाईंनी चहा ओढला. ‘‘कॉलेज उत्तम असेल. आपल्याला परवडतंही म्हणू या. पण तू त्या कॉलेजला परवडणार नाहीस.’’

मग नवरा हळूच म्हणाला, ‘‘पण लोक विचारणार. कुठल्या कॉलेजची म्हणून.’’ त्याच्या मनात कुठला दरवाजा होता, ते सगळ्यांना ठाऊक होते.

‘‘अहो, माझ्याकडे येणारी माणसं ते विचारत नाहीत,’’ हायकोर्टबाई म्हणाल्या. ‘‘ती एवढंच विचारतात, बाई, तारखेला याल ना?’’

त्याने थोडा वेळ टेबलावरचा चमचा फिरवला. ‘‘आणि ते ग्रंथालय?’’

‘‘शिपाई काय जन्मभर रजेवर राहणार आहे?’’

‘‘नापास झालीस तर?’’

‘‘होणार नाही.’’ हे त्यांनी ज्या सुरात सांगितले, त्या सुरात त्या एरवी ‘पुढे सरका’ म्हणत. त्यापुढे वाद घालण्याची रीत घरात नव्हती, बसमध्येही नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डेपोत कायम सकाळची पाळी मागितली. साहेबांनी कारण विचारले. कारण ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले, आणि पाळी मंजूर केली. संध्याकाळपर्यंत डेपोभर बातमी झाली, की हायकोर्ट आता शाळेत जाणार. एका ड्रायव्हरने डबा आणि पाण्याची बाटली भेट देऊ केली. भाजीचा गाळा टाकलेला कंडक्टर मुद्दाम येऊन भेटला. त्याची पुढची तारीख अजून लागायचीच होती. ‘‘कोर्टाचा वेग पाहता तुम्ही वेळेत पोचाल,’’ तो म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला आशावाद होता.

कॉलेजच्या दप्तरी रीतसर नोंद झाली. विद्यार्थिनी : विधी, प्रथम वर्ष, सायंसत्र. प्रवेश : नियमित. शुल्क : पूर्ण जमा. मागील गुणवत्ता : उल्लेखनीय. आसनव्यवस्था : पहिला बाक, खिडकीकडील.

बाक चौथीतल्या मुलांच्या मापाचा होता. त्यात गुडघे जाईनात, म्हणून पहिला तास त्यांनी उभ्यानेच ऐकला.