उष्टी हवा

नाना गेल्याचा फोन धुळ्याला आला तेव्हा मी चहा गाळत होतो. मामेभाऊ म्हणाला, "फुप्फुसात व्हायरस होता... वयही झालं होतं." वय झालं होतं म्हणे. महिनाभर आधी हा माणूस लोकांच्या गच्चीवर चढून कूलरचं गवत बदलत होता.

नाना म्हणजे माझे थोरले मामा. जळगावात मेहरूणला कूलर दुरुस्त करायचे. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगितली, की कूलर लावलात तर समोरची खिडकी उघडी ठेवा, आलेली हवा गेलीही पाहिजे. पटत नसेल त्याच्या खोलीत उदबत्ती लावायचे. धूर आतच घुटमळला की खिशातला पेचकस काढून स्वतःच खिडकी मोकळी करायचे. लोक हसायचे. मीही हसलोय.

माझ्या मुलीचा साखरपुडा आम्ही जळगावातल्याच एका एसी हॉलमध्ये केला. खिडक्या स्क्रू मारून बंद केलेल्या, माणसं खचाखच, त्यात चार-दोन खोकणारी. नाना पेचकस काढून खिडकीकडे निघाले आणि मी आडवा गेलो. "नाना, एसी चालू आहे. व्याही काय म्हणतील? बसा ना." ते हळूच म्हणाले, "भाऊ, बठ्ठासनी उष्टी हवा शे आठे." सगळ्यांची उष्टी हवा आहे इथे, एवढंच बोलून बसले. माझ्या शब्दाखातर तीन तास बसले.

आम्ही कुणाच्या ताटातलं उष्टं खात नाही. दुसऱ्याच्या छातीतून निघालेली हवा मात्र गार करून दिली की आम्हाला चालते. आठवड्याभरात निम्मे पाहुणे तापाने पडले. हॉलवाला म्हणाला, हवामान बदललंय. आम्हीही माना डोलावल्या, याची मला आजही चीड येते. नाना तेवढे उठलेच नाहीत.

आणि सुतक फिटायची गंधमुक्ती मामेभावाने कुठे ठेवावी? त्याच हॉलमध्ये. "ऊन फार आहे, येणाऱ्यांचे हाल नकोत." नानांच्या फोटोसमोर उदबत्ती लावली होती. धूर एसीपर्यंत गेला, फिरून आमच्याच तोंडावर आला... मामींनी सकाळीच त्यांचा पेचकस माझ्या हातात ठेवला होता. मी उठलो. हॉलवाला धावत आला, "साहेब, गरम होईल."

"होऊ द्या," म्हणालो.

खिडकीला चारच स्क्रू होते. दोन मिनिटं लागली.