उघडी ठेवायची एक वाट

माझा धाकटा भाऊ पन्नाशीला आला तरी माझ्यासाठी बारक्याच. ऑफिसांमधले राऊटर आणि कॅमेरे जोडून द्यायचं त्याचं काम, वीस वर्षं तेच. स्वभावाने इतका धीमा, की त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून होईपर्यंत माझं एक भांडण आणि दोन रुसवे उरकायचे. पण कामात बोट दाखवायला जागा नाही. राऊटरची फायरवॉल बाहेरच्या कुणाला आत येऊ देत नाही. लांबून आतलं यंत्र बघायचं तर तिच्यात एक वाट उघडावी लागते, हे लोक तिला पोर्ट म्हणतात. बारक्याचा नियम असा, की काम झालं की निघताना उघडलेल्या सगळ्या वाटा बंद करायच्या. जेवून उठल्यावर आपण हात धुतो तसं.

फक्त आईच्या घरची एक वाट तो उघडी ठेवायचा. आई एकटी राहायची, बसने पाच तासांवर. आमच्याकडे यायचं नाव काढलं की तिचं डोकं दुखायला लागायचं. कान पार गेलेले, म्हणजे फोनचा उपयोग शून्य. म्हणून याने तिच्या स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला. रोज सकाळी साडेआठला ती त्याच्यासमोर उभी राहून हात हलवायची. हा आपल्या मोबाईलवर बघायचा आणि मला कळवायचा, की माझा जीव भांड्यात पडायचा.

त्या रविवारी आईचा राऊटर बिघडला म्हणून तो नवा बसवायला गेला. वाट उघडली, सगळं जोडलं, आणि बसची वेळ झाली तशा सवयीच्या हातांनी सगळ्या वाटा बंद करून टाकल्या. निघताना मोबाईलवर पाहिलं तर आई छान दिसत होती. दिसणारच ना, मोबाईल घरातल्याच वायफायवर होता! आतल्या आत बघायला वाट लागतच नाही. गिऱ्हाइकाकडे हाच माणूस मुद्दाम रस्त्यावर जाऊन तपासायचा. आईकडे नाही तपासलं.

सोमवारी साडेआठला चित्र येईना. त्याने मला फोन केला. शेजारच्या बाईंकडे किल्ली असते, त्यांना बघून यायला सांगू का, म्हणाला. आता आईला खोड होती वीज वाचवायला कॅमेऱ्याचा प्लग काढून ठेवायची. त्यापायी महिन्यात दोनदा त्या बाईंना पळवलं होतं, आणि दोन्ही वेळा आई मजेत पेपर वाचत बसलेली. माझी कामावर जायची घाई, त्यात याचं हे.

"प्लग काढला असेल तिने," मी खेकसले. "त्या बाईंना किती वेळा पळवशील? जा कामावर."

तो गेला. माझं त्याने कायम ऐकलंय.

संध्याकाळीही चित्र नाही म्हटल्यावर मला न विचारता त्याने बाईंना पाठवलं. आई स्वयंपाकघरात जमिनीवर होती. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव होता.

कॅमेऱ्यातल्या कार्डावर सगळं उमटलं होतं. आठच्या सुमाराला ती पडली. साडेआठला ओट्याला टेकून कशीबशी बसली आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायला लागली. तिला वाटलं, लेक बघतोय. हात दुखला की खाली ठेवायची, परत वर करायची. मध्येच तिने खूण केली, सावकाश ये, धावू नकोस. मी दहा मिनिटं पाहिलं, पुढे नाही बघवलं. त्याने एकट्याने बसून सगळं पाहिलं.

चार दिवसांनी मामा आले. असं झालंच कसं, म्हणून त्यांनी विचारलं.

"वाट माझ्या हातून बंद झाली," बारक्या म्हणाला. "चूक माझी."

सकाळच्या फोनबद्दल अवाक्षर नाही. मी शेजारीच बसले होते. एरवी माझं तोंड बंद करायला चार माणसं लागतात. मामांनी त्याला सगळ्यांदेखत वाट्टेल ते सुनावलं. मामांचा घसा कोरडा पडला, तेव्हा मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.