थंड खोलीतला बुधला

कुवेतमध्ये हिवाळा कुणी आणला असं मला कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगेन, माझ्या भावजींनी आणला. बाहेर ऑगस्टची दुपार पेटलेली असायची, गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसायचा, आणि रिग्गईतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये माणसं स्वेटर घालून दात वाजवत उभी असायची. माझी आई एकदा जुलै महिन्यात लेकींकडे म्हणून आली. वाळवंटात जायचं तर सुती साड्या बऱ्या, असं ठरवून तिनं दुसरं काही बरोबर घेतलंच नव्हतं. चौथ्या दिवशी मला जाब्रियाला, माझ्या घरी, फोन. "अगं, मला तुझ्याकडे घेऊन जा. तुझ्या बहिणीचा नवरा मला गारठवून मारतोय." मी धावत गेले तर आई हॉलमध्ये आल्याचा काढा पीत बसलेली, डोक्याला मफलर, आणि भावजी तिला अगदी प्रेमानं समजावत होते, "आई, मी तुम्हाला सांगितलं होतं, त्या खोलीत दोन मिनिटांच्या वर थांबायचं नाही."

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे निफाडकडचे, घरची द्राक्षाची बाग, शिकून इंजिनिअर झाले आणि इराकबरोबरच्या लढाईनंतर कुवेतच्या तेलकंपनीत लागले. कामात चोख, बोलायला कमी, आणि खोटं बोलायला तर अगदीच कच्चे. ऑफिसला दांडी मारायची झाली तरी हा गृहस्थ साहेबाला "आज मला यावंसं वाटत नाही" असं सांगायचा. असा सरळ माणूस आयुष्यात एकच बेकायदा गोष्ट करत होता, आणि तीही मनापासून. कुवेतमध्ये दारूला सक्त बंदी. सापडलात तर आधी कोठडी, मग थेट मुंबईचं विमान. आणि भावजी बेडरूममध्ये लाल वाइन करत होते. बरं, पिण्यासाठी म्हणाल तर तेही नाही. वर्षाकाठी एक काचेचा बुधला, बस्स. त्यातला अर्धा चवी बघण्यात आणि चर्चा करण्यात संपायचा.

बाकीचेही लोक लपूनछपून काहीबाही करायचे. जमियातून, म्हणजे आमच्या सहकारी दुकानातून, द्राक्षरसाच्या बाटल्या आणायच्या, त्यात साखर आणि यीस्ट ढकलायचं आणि पंधरवड्यात प्यायला सुरुवात. भावजी त्याला "सरबत" म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. यांची द्राक्षं यायची फळबाजारातल्या एका लेबनानी म्हाताऱ्याकडून, त्याच्या डोंगरावरची, बारीक काळी, जाड सालीची. "थंड हवेतलं द्राक्ष घाई करत नाही," भावजी म्हणायचे. "सावकाश पिकतं, म्हणून त्याच्यात रुची उतरते. मग वाइननं तरी घाई का करावी?" म्हणून बेडरूमला दोन एसी, रात्रंदिवस चालू. पलंग हलवला, तिथे बुधला बसवला. त्याच्या तोंडातून एक नळी पाण्याच्या पेल्यात सोडलेली, आणि त्यातून बुडूक बुडूक बुडबुडे यायचे. भावजी संध्याकाळी घरी आले की बूट काढायचे, स्वेटर आणि कानटोपी चढवायचे आणि बुधल्याला कान लावून बसायचे. माझी भाची लहान होती, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिला फोनवर विचारावं, "बाबा काय करतायत गं?" तर म्हणायची, "मावशी, ही इज टॉकिंग टू द बॉटल अगेन."

त्या बुधल्यानं घराला काय काय सोडायला लावलं! सुके बोंबील बंद, वाइनला वास लागतो. उदबत्ती बंद. गणपती बसले तेव्हासुद्धा धूप नाही, भावजी हात जोडून म्हणाले, "देवा, दीड दिवसाचा तर प्रश्न आहे." अत्तर लावून आलेल्या त्यांच्या एका सहकाऱ्याला त्यांनी दारातच थांबवलं आणि आधी आंघोळ करणार का, असं विचारलं. पण सगळ्यांत कडक बंदी होती ती व्हिनेगरवर. व्हिनेगरची बाटली घरात आली की त्यातले जंतू वाइनला लागतात आणि ती आंबते, म्हणून ताईच्या स्वयंपाकघरात जन्मात व्हिनेगर आलं नाही. चायनीज करायचं झालं तर माझ्याकडे. तो शब्दसुद्धा त्यांच्या घरात कुणी उच्चारायचा नाही. एका पुणेकर मित्रानं चव घेऊन नुसतं "थोडी आंबट लागतेय" म्हटलं, तर भावजींनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही लस्सी पीत जा." तो पुन्हा कधी त्या घरात दिसला नाही.

आता हे सगळं कशासाठी? तर भावजींना नोकरी सोडून परत जायचं होतं. वडिलांच्या बागेत खायची द्राक्षं होती, त्यातल्या दोन एकरांत यांना वाइनची काळी द्राक्षं लावायची होती. ताई म्हणायची, छान चाललेलं सोडून वेलींना पाणी घालायला जायचं? डोकं ठिकाणावर आहे ना? पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं एक अट घातली. माझ्यासमोरच घातली. "मला ती तुमची वाइन मुळीच आवडत नाही. पण ज्या वर्षी तुम्ही केलेलं मी आपणहून दुसऱ्यांदा मागेन ना, त्या वर्षी द्या राजीनामा. मी बॅगा भरते." तेव्हापासून दर वर्षी तेच. भावजी वाटीभर वाइन ताईपुढे ठेवायचे, ताई एक घोट घ्यायची, "बरी आहे हो," म्हणायची आणि चहा टाकायला उठायची. भावजी पुढच्या वर्षीची द्राक्षं सांगायला फळबाजारात जायचे. मला बाई कधी कधी ताईचा रागच यायचा. अगं, खोटं का होईना, एकदा माग! पण तीही तसलीच, नवऱ्याशी खोटं बोलणार नाही.

मग ते एक वर्ष आलं. त्या वर्षीची वाइन मी चमच्यानं चाखली आणि गप्प बसले. मी गप्प बसणं ही आमच्या घरात क्वचित घडणारी गोष्ट आहे. भावजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "अजून थोडे दिवस," ते म्हणाले. "गाळ खाली बसू दे. मग हिला देतो." ताईला पहिला घोट द्यायचा बाकी होता, आणि ऐन ऑगस्टात भरदुपारी त्यांच्या इमारतीची वीज गेली. संध्याकाळशिवाय येणार नाही असं कळलं. भावजींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येईना. "मेहुणीबाई, तुझी गाडी घेऊन ये. एसी फुल कर. तिला तुझ्याकडे हलवू या." मला क्षणभर वाटलं, ताईलाच काही झालं.

मी पोचले तर बुधला ताईच्या काश्मिरी शालीत गुंडाळून तयार. भावजी मागच्या सीटवर बसले, बुधला शेजारी ठेवला, त्याला पट्टा लावला आणि वरून दोन्ही हातांनी मिठी मारली. गाडीचा एसी बर्फासारखा, म्हणून अंगात स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी. "हळू चालव. गाळ उठला तर संपलं." रिंगरोडवर कुवेती गाड्या विमानासारख्या जातात हो, आणि मी बैलगाडी चालवावी तशी चाललेली. मागून हॉर्न, दिवे, शिव्या. "भावजी, लोक मारतील आपल्याला!" "हळू, अजून हळू." शेवटी व्हायचं तेच झालं. मागे पोलिसाची गाडी आली आणि त्यानं आम्हाला बाजूला घेतलं. त्या रस्त्यावर हळू चालवल्याबद्दल पकडली गेलेली मी पहिलीच बाई असणार.

पोलीस तरुण होता. माझं लायसन्स घेतलं आणि मागे वाकून बघितलं. ऑगस्टच्या उन्हात कानटोपीवाला एक माणूस शालीतलं गाठोडं छातीशी धरून बसलेला. पोलिसाचा आवाज एकदम मऊ झाला. "बेबी?" असं त्यानं विचारलं, आणि नेमकी तेव्हाच शाल घसरली. आतला लाल काळोख उन्हात चमकला. "शिनू हादा?" हे काय आहे? कोठडी, विमान, ताई, भाचीची शाळा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. क्लिनिकमध्ये काम करून शिकलेलं सगळं अरबी विसरले, एकच शब्द आठवला. "खल," मी म्हटलं. व्हिनेगर. घरचं, लोणच्यासाठी. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यानं भावजींना विचारलं, "खल?"

भावजी गप्प. अहो, म्हणा ना! मी आरशातून डोळे वटारले, देवाचा धावा केला. साहेबाशी खोटं न बोललेला माणूस, घरात तो शब्द येऊ न देणारा माणूस, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या वाइनला मिठी मारून बसला होता आणि त्याचे ओठ हलत नव्हते. मग त्यांनी खाली बघितलं, बुधल्यावर शाल ओढली आणि म्हणाले, "खल."

पोलिसानं वाकून बुधल्याच्या तोंडाशी वास घेतला. बराच वेळ घेतला. "माझी आई पण घरी खल करते," तो म्हणाला. "तिचा वास असा नसतो." मग माझं लायसन्स परत दिलं. "घरी जा. आणि मॅडम, जरा जोरात चालवा." त्याला कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. मी त्याला आजही दुवा देते.

माझ्या घरी पोचल्यावर मला वाटलं, भावजी सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी बुधला खाली ठेवला, नळी काढली, तोंडावर पातळ फडकं बांधलं आणि खाली जमियात जाऊन आयुष्यातली पहिली व्हिनेगरची बाटली विकत आणली. मी ओरडले, "अहो, हे काय करताय?" त्यांनी त्यातलं थोडं व्हिनेगर बुधल्यात ओतलं. "मी हिला खल म्हटलंय." "जीव वाचवायला म्हटलंत!" "त्यानं विश्वास ठेवला. आता ते खरं व्हायला हवं." ताईला कळलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. इतकी वर्षं नावं ठेवणारी बाई, हमसून रडली. "मी प्यायले असते गं या वर्षी," ती म्हणाली. "त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं होतं." भावजींनी घरी जाऊन दोन्ही एसी बंद केले, पलंग जागेवर लावला आणि फळबाजारात पुन्हा गेले नाहीत. ताई म्हणायची, आता बेडरूममध्ये झोपते पण झोप लागत नाही.

हिवाळ्यात, म्हणजे खऱ्या हिवाळ्यात, मी तयार झालेलं व्हिनेगर बाटल्यांत भरून त्यांच्याकडे नेलं. जेवणात काकडी-कांद्याची कोशिंबीर होती. मी वरून चार थेंब शिंपडले. ताईनं एक घास खाल्ला, थांबली, दुसरा खाल्ला, आणि बोलता बोलता सहज हात पुढे केला. "अहो, ते जरा अजून द्या ना." भावजींनी बाटली दिली. आपल्या हातातला घास मात्र तसाच ताटात ठेवला. आपण दुसऱ्यांदा मागितलं, हे ताईच्या आधी लक्षात आलं नाही, मग आलं. तिनं बाटली खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "द्या राजीनामा."

ते परत गेले त्याला आता काही वर्षं झाली. दोन एकर वेली आहेत, वाइन होते, थोडीच होते. मागच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी पेला पुढे केला आणि मी मुद्दाम म्हटलं, "थोडी आंबट लागतेय हो." मला वाटलं, आता लस्सी मिळणार. पण भावजी हसले, चक्क खळखळून हसले, आणि पेला पुन्हा भरून दिला.

त्या व्हिनेगरची शेवटची बाटली माझ्याकडे आहे, तळाशी दोन बोटं उरलंय, मी वापरत नाही. रिग्गईवरून जाताना मी तिसऱ्या मजल्याकडे बघते. तिथे आता दुसरं कुणी राहतं, खिडकीत कपडे वाळत असतात. परवा भरदुपारी मला कसंसंच झालं. मी एसी एकदम खाली आणला, शाल गुंडाळली आणि बाटलीचं बूच काढून नुसती बसून राहिले. आमचे हे ड्यूटीवरून आले, दारातच थबकले. "काय गं, बरं नाही का?"

"बरी आहे हो," मी म्हटलं. "जरा ताईकडे जाऊन आले."