मी तक्रार केलेला धूर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या एका लेखाखाली नवी प्रतिक्रिया आली. तो लेख होता उमरखेडच्या अलीकडच्या एका छोट्या संग्रहालयावर. प्रतिक्रिया अशी होती : "तुमच्या लेखाची प्रिंट काढून फायलीत लावली अन् चूल बंद केली. आता घर पडाले आलं. संक्रांतीनंतर उतरवणार आहेत. पाहायचं असन तं येऊन जा." खाली नाव नव्हतं.

मी जुना लेख उघडला. स्वतःचं जुनं लिहिलेलं वाचणं हा तसाही फार सुखाचा प्रकार नसतो. दगडी गोदामाचं कौतुक ठीक होतं, तिकीट स्वस्त आहे हेही लिहिलं होतं. मग बंजारा तांड्यातल्या घराबद्दलचा परिच्छेद आला : "या कुडाच्या घरात चक्क चूल पेटवून ठेवतात. वर वाळलेलं गवत, बाजूला बांबू आणि खाली जाळ! माझे डोळे चुरचुरले, घरी येऊन शर्ट दोनदा धुवावा लागला. हे सगळं जळून खाक झाल्यावरच जबाबदार मंडळी जागी होणार का? खाण्यापिण्याची सोय शून्य."

ते प्रश्नचिन्ह टाकताना मी किती खूश होतो ते मला स्पष्ट आठवलं. तीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढलेला माणूस मी. चूल दिसली की मला भाकरीच्या आधी नुकसानभरपाई दिसते. लग्नाच्या पंगतीतही मंडपाच्या वायरी बघत बसतो. पण आपल्या लिहिण्यानं कुणाची चूल विझेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या, तेव्हा बायको म्हणाली, "जाऊन या एकदाचे. इथं बसून माझं डोकं खाऊ नका."

जाणाऱ्यांसाठी माहिती : नागपूरहून नांदेडकडे जाणारी एसटी यवतमाळ, आर्णी, महागाव करत उमरखेडला नेते. भाडं चारशेच्या आसपास. रस्ता आता चार पदरी आणि गुळगुळीत आहे, त्यामुळे पाठीची तक्रार नाही. सकाळी सातची गाडी धरली. यवतमाळच्या स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट, तर्री मागाल तितकी. एरवी मी दुसऱ्यांदा तर्री मागतो. त्या दिवशी पहिलीच संपली नाही.

आभाळ आलं होतं. आर्णीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी आणि फुलावर आलेली तूर, पण सगळ्यावर राखाडी झाकण ठेवल्यासारखं. माझ्या पुढच्या सीटवर दोन शेतकरी बसले होते.

"हे आभाळ आजचा दिस अजून राह्यलं न, तं तुरीचा फुलोरा गेला समज."

"फवारा मारला न तू?"

"मारला. अळी मरन. आभाळाले कोनता फवारा मारू?"

दोघंही हसले नाहीत. मीही खिडकीबाहेर बघत राहिलो.

उमरखेडला मुक्काम केला. स्टँडजवळच्या लॉजमध्ये सहाशे रुपयांत बरी खोली मिळते, सकाळी गरम पाण्याची बादली मिळते, फक्त उशीला वास येतो. (बघा, तक्रार आलीच.) सकाळी सहाआसनी रिक्षानं फाट्यावर उतरलो. तिथून अर्धा किलोमीटर चालायचं. तिकीट अजूनही वीसच रुपये, मोबाइलवर फोटो फुकट, सोमवारी बंद.

संग्रहालय म्हणजे कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जुनं जिनिंग. गावातल्या मंडळानं ते जपलंय, आणि खरंच चांगलं जपलंय. दगडी गोदामाच्या भिंती हातभर रुंद, आत पाऊल टाकलं की गार वाटतं. कापूस तोलायचा लोखंडी काटा, गाठी बांधायचा दाब, आणि एका कोपऱ्यात बैलांच्या पाठीवर लादायच्या कवड्या लावलेल्या गोण्या. बंजारा मंडळी मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, त्या काळातल्या. शेजारी मॅनेजरचा कौलारू बंगला, त्यात जुन्या पावत्या आणि फोटो. मी सगळं पाहिलं, पण मन त्यात नव्हतं. परीक्षेच्या निकालाआधी माणूस उगाच इकडे तिकडे करतो तसं माझं चाललं होतं.

तांड्याचं घर मागे, कडुनिंबाखाली. पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या काड्यांचा कूड, वर माती-शेणाचा लेप, सागाचे खांब, बांबूचं छत, त्यावर गवत. पुढे शेणानं सारवलेला ओटा. एक बाई घर झाडत होत्या. साठीच्या आसपास, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, हातात केरसुणी. ह्या सक्रीबाई. सहा वर्षांपूर्वीही ह्याच होत्या. मी ओळखलं, त्यांनी ओळखल्यासारखं दाखवलं नाही.

"या भाऊ. पायतान तठीच काढा. अन् मधल्या खांबाले टेकू नोका, थो हालते."

आत जमिनीवर पिवळसर भुकटी पडली होती. भिंतीच्या कडेनं तिची रेघच होती. चूल जागेवर होती, सारवून गुळगुळीत केलेली, आत राखेचा कणही नाही. वर पाटी : "आग पेटवण्यास सक्त मनाई."

"हे पीठ कशाचं?" मी विचारलं.

"बांबूचं. भुंगा लागला न. रोज सक्काळी झाडतो मी, संध्याकाळलोक पुन्हा तेवढंच पडते. बांबू आतून खाऊन टाकला त्यानं. गवत उधईनं पोखरलं." त्यांनी केरसुणीचं टोक वरच्या एका बांबूला नुसतं टेकवलं. भुर्रकन पीठ खाली आलं. "चूल पेटत होती तवा एक कन नोता पडत. धूर लागला का बांबूले कडूपना येते. मंग भुंगा तोंड लावत नाई. हे घर माह्या सासऱ्यानं बांधलं. माह्ये दोन्ही लेकरं अठीच झाले. तवापासून बांबू बदलला नाई आमी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सरकारी घरकुल मिळालं तेव्हा हे घर पाडायचंच होतं. मंडळवाल्यांनी ते इथं आणून उभं करायला मागितलं. त्यांच्या नवऱ्यानं हो म्हटलं, पण एक अट घातली : चूल रोज पेटली पाहिजे. ते काम सक्रीबाईंकडेच आलं. सकाळी यायचं, चूल पेटवायची, चार भाकरी टाकायच्या, दुपारी निखारे राखेखाली दाबून घरी जायचं. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. अट कागदावर कुणीच घेतली नव्हती.

"अन् मंग कोन्या शयरातल्या मानसानं लेहून देल्लं, का अठी आग लागन. वरून पत्र आलं. चूल बंद. मी म्हनलं, साहेब, बिनधुराचं घर जगत नाई. म्हने, औषध मारू. मारलं. चार महिने बरं राह्यलं, अन् पुन्हा सुरू."

मी तिथं उभाच होतो. गप्प राहून बाहेर पडता आलं असतं, आणि खरं सांगतो, तसा विचार मनात येऊनही गेला.

"बाई, तो लेख मी लिहिला होता."

"कोनता?"

"चुलीचा. धुराची तक्रार मीच केली होती."

त्यांनी केरसुणी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"हाव. आता याद आली. जाड चष्मा होता तुमाले. अठी बसलते, खांबापाशी. दोन भाकरी खाल्ल्या तुमी अंबाडीच्या भाजीसंगं. तिसरी घ्या म्हनलं तं पोटावर हात ठेवला."

मला भाकरी आठवली. ज्वारीची, पापुद्रा सुटलेली, वर तेल-तिखट. त्याचे पैसेही त्यांनी घेतले नव्हते. आणि मी घरी येऊन लिहिलं होतं, खाण्यापिण्याची सोय शून्य.

"डोये जळून राह्यलते तं मले काहून नाई सांगतलं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मी तुमाले भाहेर ओट्यावर बसवलं असतं. तठी धूर येत नाई."

मी इतकंच विचारलं, "आता पेटवली तर?"

"आता कायले भाऊ? पोकळ झालं थे. पोकळ बांबूले धूर देऊन काय फायदा." आणि त्यांनी पुन्हा केरसुणी उचलली.

व्यवस्थापक जिनिंगच्या जुन्या हापिसात बसतात. वाईट माणूस नाही. मी नाव सांगितलं तर उठून उभे राहिले, चहा मागवला, "सर, तुमच्यामुळे आमच्याकडे जरा लक्ष गेलं वरच्यांचं," म्हणाले. ते हे मनापासून बोलत होते आणि मला खुर्चीत बसवेना. त्यांनी फाईल काढली. माझा लेख सगळ्यात वर, "जळून खाक" खाली लाल रेघ. शेजारी नव्या घराचं चित्र : सिमेंटचे खांब, त्यांना बांबूचा रंग, कुडासारखी दिसणारी भिंत.

"मी तक्रार मागे घेतो. लेखी देतो," मी म्हटलं.

"द्या न सर. कागद देतो मी. मीटिंगमध्ये ठेवू." मग जरा थांबून म्हणाले, "पन तीन वर्षाआधी आले असते तं कामात आलं असतं. सक्रीबाई दर मीटिंगले येऊन बसत होती. एकच सांगे, एक हिवाळा धूर देऊ द्या. आमी म्हनत होतो, लेखी आहे बाई, आमच्या हातात नाई."

मी दोन पानं लिहून दिली. कचेरीतली सवय कामाला आली, मुद्देसूद लिहिलं. लिहिताना कळत होतं की हे पत्र मी घरासाठी लिहीत नाही, स्वतःसाठी लिहितोय. निघताना पुन्हा मागे गेलो. सक्रीबाई ओट्यावर बसून डबा खात होत्या. घरून आणलेली गार भाकरी होती. मला "बसा" म्हणाल्या. मी बसलो. अर्धी भाकरी दिली, ती खाल्ली. आभाळ तसंच होतं.

परतीची गाडी दुपारची मिळाली. नागपूरला पोचलो, बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" मी सांगितलं. कपडे धुवायला टाकताना मी शर्ट नाकाशी धरला. कसलाच वास नव्हता.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात व्यवस्थापकांचा फोन आला. माझं पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, नोंद घेतली, आणि घर उतरवायचं ठरलं होतं तसं उतरवलं. अर्ध्या दिवसात झालं म्हणे. सागाचे खांब तेवढे धड निघाले, ते गोदामात ठेवलेत. बाकीचं सक्रीबाईंनी मागितलं.

"कशाला?" मी विचारलं.

"सरपनाले. बैलबंडी करून घेऊन गेली. पन म्हने, भुरभुर जळते. एक भाकर शेकत नाई तेवढ्यात राख."

जुना लेख मी काढून टाकलेला नाही. काढून टाकणं म्हणजे पुन्हा पळ काढणं झालं असतं. त्याच्या डोक्यावर या लेखाचा दुवा दिला आहे. खाण्यापिण्याच्या सोयीची ओळ खोडून तिथं खरं काय खाल्लं ते लिहिलं आहे.

तुम्ही जरूर जा. गोदाम पाहण्यासारखं आहे, गोण्या तर आहेतच, वीस रुपयांत अर्धा दिवस छान जातो. नवं घर उन्हाळ्यापर्यंत उभं राहील असं कळलं. तोवर मागे कडुनिंबाखाली नुसता ओटा आहे. सक्रीबाई तो अजून दर शनिवारी सारवतात आणि दुपारी तिथंच बसतात. काही खटकलं, काही टोचलं, डोळे जळले, तर त्यांना सांगा. मी सांगितलं नव्हतं.