जात्यापाशी घेतलेलं नाव

आमचं गाव निजामाच्या मोगलाईत, परंड्याजवळ. मालकांचं किराणा दुकान होतं. माल आणायला ते इंग्रजी हद्दीत, बार्शीला जायचे आणि येताना गुळाबरोबर नवे विचारही आणायचे. मला म्हणायचे, "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे खूळ सोड. माझं नाव घे, मगच जेवतो."

चुलीपुढून सासूबाई म्हणायच्या, "उपाशी ठेवून मारतीस का नाव घेऊन, तूच ठरव बाई."

मी चौथी शिकलेली. मला पटायचं, पण तोंड उघडायचं नाही. शेवटी, बार्शीहून आलात की घेईन, असं कबूल केलं. ते निघून गेल्यावर सकाळी दळताना, सराव म्हणून, जात्याच्या घरघरीत एकदा मोठ्यानं नाव घेतलं. जातं फिरतच राहिलं. ती समजूत मी तिथंच सोडली.

दुपारी पोलीस आले.

बार्शीहून चोरून वर्तमानपत्रं आणणारा माणूस त्यांना हवा होता. नाव ठाऊक, घर ठाऊक नाही. सासूबाई देवळात होत्या. जमादारानं दारातून विचारलं, "तेरे मरद का नाम बोल."

नाव जिभेवर होतं. पण ज्यांना कबूल केलं त्यांच्याआधी या परक्याला कसं ऐकवायचं, एवढंच मनात आलं. खोटं नाव सांगावं हेही सुचलं नाही. पदर दातात धरून उभी राहिले.

बरोबरचा शिपाई म्हणाला, "साब, इनके औरतां मरद का नाम नै लेते."

"मेरी बी नै लेती," म्हणत जमादार पुढच्या घराकडे गेला.

मालक परत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिनं रीत पाळली म्हणून वाचलास." मला वाटलं, ते हसतील. पण ते हळूच मला म्हणाले, "आता चुकूनही घेऊ नकोस."

पुढं मोगलाई गेली. मालक चावडीवर खुळ्या समजुतींवर लई छान बोलतात. घरी मात्र मी नुसतं "घेऊ का?" म्हटलं, की हात जोडतात.

माझंच अडलंय. नाव घेतलं नाही म्हणून पोलीस गेले, हे सगळ्यांना माहीत. पण ज्या सकाळी घेतलं त्याच दुपारी ते आले, हे मलाच माहीत. मग समजूत ठेवू का सोडू? म्हटलं, एकदा लिहून बघावं. पहिलं अक्षर काढलं आणि ओसरीवर मालकांना ठसका लागला.

अक्षर खोडलं आणि पाणी घेऊन गेले.