एम्प्टी

परदेशी नातजावयाशी चार शब्द बोलता यावेत म्हणून आईनं इंग्रजी शिकायला घेतलं आणि मास्तर नेमला मला. माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं, रुबाब मात्र हेडमास्तरचा. त्या दुपारी शब्द होता ‘एम्प्टी’. मी चिठ्ठ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, “जे जे रिकामं दिसेल, त्याला चिकटव.”

आई घरभर फिरली. बरणी झाली, पिशवी झाली, जाता जाता माझं कपाळही झालं. “इथं अगदी चपखल बसतोय रे,” म्हणाली.

एक चिठ्ठी उरली. चार महिन्यांपूर्वी माझे वडील, नाना, गेले होते. तेव्हापासून त्यांच्या वेताच्या खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं. मास्तरकीच्या भरात मी बोलून गेलो, “अगं, ती खुर्ची राहिली की.”

“तिला कशी लावू?” आई कुजबुजली. “आणि हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.”

ती शांतपणे चहा ठेवायला गेली. शब्दाचा अर्थ शिकवता येतो. तो कुठे लावायचा, हे कोण कुणाला शिकवणार? तरी तिची चूक दुरुस्त करायला मी तिच्यामागे निघालो. खिडकीतल्या उन्हात खुर्चीचा वेत हलकेच करकरला. नाना पाय पसरून बसत, तेवढी जागा सोडून मी वळसा घातला.